पाचला निघायचं म्हणे!

"भिया, पहाटे पाच म्हणजे पाच!" हे वाक्य बाळ्याचंच बरं का. साडेसातला उगवला, आणि वर म्हणतो, "आता पोहे-जलेबी खाऊनच निघू ना." इंदूर सोडायलाच नऊ!

मग देवासला चहा. आष्ट्याला चहा. सीहोरला 'जरा पाय मोकळे'. अरे, पचमढी काय राजवाड्याच्या मागे आहे? धूपगढ म्हणजे साडेतेराशे मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. तिथला सूर्यास्त बघायला मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा सूर्य आमच्या आधी घरी गेला!

तंबूच्या खुंट्या कुठे? घरी. शेव मात्र दोन किलो, आठवणीने. मी अंधारात दगडानं काटक्या ठोकतोय आणि हा महाभाग टॉर्च पिशवीत घालून शोधतोय, लौंगवाली पुडी कुठली! रात्री दोनला तंबू बसला तो माझ्या नाकावर. बाळ्या? गाडीत. घोरत.

सकाळी मढईला, म्हणजे सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशी, देनवा नदी नावेनं ओलांडायची, पलीकडे सफारीची जिप्सी. ती काय याच्या दंतमंजनासाठी थांबणार आहे? वाघ जाऊ दे, आम्हाला धड जिप्सीची धूळही दिसली नाही.

जुलै ते सप्टेंबर तिथलं कोअर, म्हणजे गाभ्यातलं जंगल बंद असतं, तेवढाच माझ्या जिवाला आराम. काल फोन आलाच. "ऑक्टोबरात जाऊ. पाचला निघू. खुंट्या मी आणतो."

हो, आणशील!