नेरूळच्या ‘हितचिंतकां’स: चावायचं आम्हाला माहीत आहे

ऑपरेशन करून अन्ननलिका जोडलेल्या, माझ्या मुलासारख्या मुलांचा घास अडकत राहिला, तर नळीच्या आतला तुकडा काढून अ‍ॅलर्जीचा आजार आहे का ते तपासा, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर नेरूळहून ‘एक हितचिंतक’ यांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. टीईएफच्या मुलांना, म्हणजे जन्मतःच अन्ननलिका तुटलेली आणि श्वासनलिकेला जोडलेली असते अशांना, ऑपरेशननंतर घास अडकतो तो त्या जोडामुळे. त्यात मी अ‍ॅलर्जीचं खूळ घुसडून आईबापांना घाबरवते. दूध बंद केलं तर मुलांची हाडं ठिसूळ होतील. स्टेरॉइडचं नाव मी फार सहज घेते. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘ताई, गूगल वाचण्यापेक्षा मुलाला घास चावायला शिकवा.’

आधी ‘ताई’ म्हणायचं आणि मग अक्कल काढायची, ही पद्धत मला नवीन नाही. नातेवाइकांत पुष्कळ ऐकून झाली आहे.

तर चावण्याबद्दल. आमच्या घरी पोळीचा तुकडा नखाएवढा होतो, वरणात बुडतो, तोंडात पार लगदा होईपर्यंत फिरतो आणि वरून पाण्याचा घोट जातो. मग पुढचा तुकडा. सासूबाई तर त्याच्या प्रत्येक घासाबरोबर नकळत स्वतःचा जबडा हलवतात. शाळेत डबा संपवणारा शेवटचा मुलगा तोच. तलावपाळीला वडापाव घेतला की वडा त्याचा, पाव आमचा, कारण पावाचा चिकट गोळा होऊन तो छातीशी बसतो. साहेब, चावण्याची शिकवणी घ्यायची झाली तर ठाण्यात माझ्याकडे या.

एवढं चावूनही घास अडकतच राहिला. जोडाची जागा आवळली म्हणून फुगा घालून रुंद करायची, थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. आधी जिथे दाखवत होतो तिथे दर वेळी दुर्बीण आत गेली, पण आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला एकदाही पाठवला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नळीच्या वरून, मधून आणि खालून तुकडे घेतले, आणि रिपोर्टात इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरलेले निघाले. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात या पेशी नसतातच. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये त्या १५ किंवा जास्त दिसल्या, मुलाला त्रास आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, तर त्याला इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची अ‍ॅलर्जीची सूज, म्हणतात. दुधासारखा पदार्थ थांबवणं किंवा गिळायचं स्टेरॉइड हे त्यावरचे उपाय, म्हणून ते पोस्टमध्ये आले. दुर्बिणीतून नळी अगदी चांगली दिसत असली तरी हे असू शकतं. माझ्या अख्ख्या पोस्टचं म्हणणं एवढंच होतं: तुकडा काढा, तपासा, मग पुढचं ठरवा. यात घाबरवणं कुठे आलं?

जोडलेल्या नळीची हालचाल जन्मापासूनच मंद असते, हे तुम्ही मला समजावून सांगता. ते पोस्टच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचायचं होतं.

गूगलचा टोमणा मारलातच, तर वाचलेलंही ऐका. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये याच मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गिळायला त्रास, खोकला, ठसका, पुन्हा पुन्हा आवळणारी जागा, आणि अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी फरक नाही, अशा वेळी रिफ्लक्सचं, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड वर येण्याचं, ऑपरेशन करण्याआधी इओसिनोफिलचा आजार नाही ना हे बघा, असं त्यात म्हटलंय. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात टीईएफच्या मुलांपैकी १७ टक्क्यांना तो निघाला. म्हणजे उरलेल्या बहुतेकांना नाही, हे मलाही कळतं. पण तपासल्याशिवाय आपलं मूल कुठल्या गटात आहे ते कसं कळणार? चावण्यावरून?

तुमचं एक मान्य. ‘दूध थांबवून बघा’ या वाक्याला ‘डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून’ हे शब्द जोडायला हवे होते. आज जोडले. हाडांचा प्रश्न त्यात मिटला असं मी धरते. स्टेरॉइडबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याला उत्तर देत बसत नाही. आमच्याकडे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड घट्ट करून गिळायला दिलं, तेही डॉक्टरांनी, आणि त्यानंतर फुगा घालावा लागलेला नाही. ज्याला यावर वाद घालायचा असेल त्याने तो आमच्या डॉक्टरांशी घालावा.

पुढची प्रतिक्रियाही छापीन, काटछाट न करता. फक्त खाली नाव असू द्या. आणि नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, तेव्हा एखाद्या रविवारी आमच्याकडे जेवायलाच या. एका पोळीला पाऊण तास लागतो, तेवढा वेळ काढून या.