दहावीत आता कुणी नापास होत नाही, मग कच्ची पोरं गेली कुठं?

दरवर्षी दहावीचा रिझल्ट लागला की आठ दिवस तेच ऐकायला मिळतं. चौकाचौकात अभिनंदनाचे डिजिटल बोर्ड लागतात, त्याच्याखाली उभं राहून कुणीतरी म्हणतं पोरं लई हुशार झाल्यात, आणि शेजारचे काका म्हणतात, "हुशार कसली ओ, आता पेपरच सोपं काढत्यात, आमच्या येळला गावात दोन पास व्हायची." मी कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवते, बोर्डाचे पेपर तपासलेत, आणि मला दोन्ही बोलण्यांचा मनापासून त्रास होतो. दोन्हीत निकालाचं श्रेय किंवा खापर पोरांवरच फोडलं जातं. टक्का वरखाली होतो त्यात पोरांचा वाटा सगळ्यात कमी असतो, नियम बदलला की टक्का बदलतो.

हे मी हवेत बोलत नाही, आकडे बघा. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. २०२० ला एकदम ९५.३०. आता मला सांगा, एका वर्षात राज्यातली पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी परत हुशार झाली असं कधी होतं का? २०१९ ला झालं काय, तर नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा विषयांचे शाळेकडचे २० मार्क, तोंडी परीक्षेचे, ते काढून टाकले आणि शंभरचा पेपर लेखी केला. धाडकन निकाल पडला. मग ओरड झाली की सीबीएसई, आयसीएसईच्या पोरांना शाळेकडचे मार्क मिळतात, आमच्या पोरांना नाहीत, अकरावीला आमची पोरं मागं पडणार. ती ओरड चुकीची नव्हती, ज्या आई-बापांची पोरं त्या वर्षी अडकली त्यांच्यावर खरंच अन्याय झाला. म्हणून त्याच वर्षी निर्णय फिरवला, ८० लेखी आणि २० अंतर्गत परत आलं, आणि त्यात मार्च २०२० ला लॉकडाऊन लागून भूगोलाचा पेपरच रद्द झाला, त्याचे मार्क बाकीच्या विषयांच्या सरासरीनं दिले. पुढं २०२१ ला परीक्षाच नाही, निकाल ९९.९५. २०२२ ला पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी, आपल्याच शाळेत नंबर, वेळ जास्त, तर ९६.९४. २०२३ ला सगळं परत पूर्वीसारखं, ९३.८३. पोरं तीच, मास्तर तेच, पुस्तकंही बहुतेक तीच.

आता पेपर सोपा झालाय का, ते सांगते, कारण रोज तोच बघते.

गणिताचा एक पेपर ४० मार्कांचा, भाग एक आणि भाग दोन असे दोन. प्रत्येक पेपरात चार मार्कांचे पर्याय निवडायचे प्रश्न. आणि सात मार्कांच्या "कृती पूर्ण करा". म्हणजे काय, तर गणित जवळजवळ सोडवूनच दिलेलं असतं, मधे मधे चौकटी रिकाम्या. काटकोन त्रिकोण आहे, दोन बाजू ९ आणि १२, कर्ण काढा. खाली लिहिलेलंच असतं : कर्णाचा वर्ग बरोबर ९ चा वर्ग अधिक चौकट, बरोबर ८१ अधिक चौकट, बरोबर २२५, म्हणून कर्ण बरोबर चौकट. पायथागोरस कोण हे ठाऊक नसलेलं पोरगंही वरच्या ओळीवरून खालची चौकट भरतं. वाईट काही नाही त्यात, घाबरलेल्या पोराला हात धरून पहिली पायरी चढवायला ही पद्धत फार चांगली आहे, मी वर्गात मुद्दाम वापरते.

पण हिशोब करा. पर्यायाचे ४ आणि चौकटींचे ७, एका पेपरात ११, दोन पेपरांचे २२. शाळेकडचे २० आहेत त्यातले १८ मिळाले असं धरा. पास व्हायला लागतात ३५. म्हणजे लेखी ८० पैकी १७ पुरतात, आणि नुसत्या पर्यायांचे आणि चौकटींचे मिळून २२ होतात! एक सुद्धा उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः न सोडवता पोरगं गणितात पास होऊ शकतं. हे मी कुणाला हिणवायला लिहित नाही, पेपराची रचनाच तशी आहे.

आणि त्याच पेपराचा शेवट बघा. चौथा प्रश्न चार-चार मार्कांचा, पाचवा तीन मार्कांचा. तिथं जे येतं ते जुन्या अपेक्षित प्रश्नसंचात पाठ करून येणारं नाही, पुस्तकाबाहेरचं येतं, विचार करायला लावतं, भली भली पोरं तिथं पेन तोंडात घालून बसतात. भाषेचंही तेच, पूर्वी संदर्भासह स्पष्टीकरण आणि चार निबंध घोकले की काम व्हायचं, आता कृतिपत्रिका आली, न वाचलेला उतारा येतो, जाहिरात लिहा, बातमी तयार करा असं येतं. त्यामुळं "आमच्या वेळी अवघड होतं" म्हणणाऱ्या काकांना मी हात जोडून सांगते, तुमच्या वेळी पाठांतर अवघड होतं. आत्ताचा वरचा पेपर तुम्हाला दिला तर तुम्हीही अडाल. सोपं झालंय ते पास होणं. अव्वल येणं सोपं झालेलं नाही, किमान गणितात तरी नाही.

मग ते शंभर टक्केवाले? २०२४ ला राज्यात १८७ जणांना शंभर पैकी शंभर टक्के मिळाले, त्यातले १२३ एकट्या लातूर विभागातले. त्या पोरांनी कष्ट घेतलेत, त्यांचं कौतुक आहेच. पण त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, म्हणजे सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, ते २०१० पासून आहे, वर चित्रकलेचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव मार्क आहेत. आणि त्याच वर्षी त्याच लातूर विभागाचा पास होण्याचा टक्का राज्याच्या सरासरीच्या खाली होता. म्हणजे एकाच विभागात शंभरवाले सगळ्यात जास्त आणि कच्चेही सरासरीपेक्षा जास्त. विभागाचा नुसता एक आकडा पेपरात वाचून त्या विभागातलं शिक्षण कसंय हे कधीच कळत नाही.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते.

आपला कोल्हापूर विभाग, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, दरवर्षी कोकणच्या मागोमाग असतो आणि आपण खूश होतो. २०१८ ला आपला निकाल ९३.८८, नागपूर विभागाचा ८५.९७. फरक आठ टक्क्यांचा. २०१९ ला भाषेचे २० मार्क काढले तेव्हा आपला झाला ८६.५८ आणि नागपूरचा ६७.२७. फरक एकोणीस! आणि २०२४ ला, शाळेकडचे मार्क परत आल्यावर, आपला ९७.४५ आणि त्यांचा ९४.७३. फरक तीनसुद्धा नाही. पाच वर्षांत तिकडं असं काय घडलं की एकोणीसचा खड्डा तीनवर आला? तिकडच्या शिक्षकांनी काम केलं असेल, नक्कीच केलं असेल, पण एवढा मोठा फरक कामानं एका वर्षात भरत नाही आणि २०२० लाच तो भरलेला दिसत होता. खड्डा बुजलेला नाही, वरून झाकलाय. २०१९ च्या निकालानं आपल्याला एकदाच दाखवलं होतं की कुठली पोरं कुठं अडकलीत, आणि आपण ते बघायच्या आधीच झाकण लावलं.

आणि नागपूरच कशाला, आपल्याच जिल्ह्यात बघा की. कोल्हापूर शहरात राजारामपुरीत क्लासला जाणारं पोरगं आणि चंदगड, गगनबावड्यातनं एसटीनं शाळेला येणारं पोरगं, दोघंही त्या ९७ टक्क्यांत आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखाने सुरू झाले की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या पोरांची शाळा तिकडं असते आणि पोरं इकडं फडात आई-बापाबरोबर मोळ्या बांधत असतात. हंगाम संपायच्या आत दहावीचा पेपर आलेला असतो, २०२५ पासून तर बोर्डानं परीक्षा फेब्रुवारीतच सुरू केलीय. त्या पोरांचा निकाल त्यांच्या विभागात धरला जातो, आणि साखर आपल्याकडं राहते. विभागांची तुलना करताना हे कोण धरतं? कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे, पोरं तीस हजाराच्या आत, मुंबई विभागात तीन लाखाच्या वर. पहिला नंबर, शेवटचा नंबर असं लावून आपण काय मोजतोय?

कॉपीचंही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल मॅडम तेवढं सोडलं. बैठं पथक, भरारी पथक, सीसीटीव्ही, पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे, हे सगळं वाढवलं की काही केंद्रांचा निकाल घसरतो. चांगलंच आहे. पण लेखी पेपरात कॉपी पकडायला पोलीस आणि २० मार्क मात्र शाळेच्या हातात, ज्या शाळेवर १०० टक्के निकालाचा दबाव आहे तिच्याच हातात. शिक्षकांवर मी आरोप करत नाही. समोर पोरगी उभी असते, आठवीपर्यंत ढकलत आलेली, तिला माहितीय दहावी नापास झाली तर घरात स्थळं बघायला सुरू करणार. तिला तुम्ही २० पैकी ९ देऊन दाखवा. माझ्या हातनं होत नाही, कुठल्याच भल्या शिक्षकाच्या हातनं होणार नाही. म्हणून मी नापास करा म्हणणाऱ्यांच्या बाजूची नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरांना शाळेत पाठवलं नाही तर आई-बापाला दंड लावला, ते पोरांना गाळायला नव्हे. नापास झाल्यानं कुणी गणित शिकत नाही, शाळा सोडतं एवढंच. २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतात, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, हे सगळं चांगलंय आणि राहायला पाहिजे.

पण पास झालेल्या पोरांचं पुढं काय होतंय ते बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक पालक आहेत, त्यांचा मुलगा दहावीला गणितात ८१ घेऊन पास झाला, सायन्सला गेला, अकरावीच्या पहिल्या चाचणीत हात टेकले. ते मला भेटायला आले होते, रागानं नाही, गोंधळून. म्हणाले, "मॅडम, मी त्याला सहज इचारलं, दीड इंचातनं तीन सूत काढलं तर किती राहिलं, त्याला सांगता येईना ओ. मग ह्ये ८१ कशाचं?" आठ सुताचा इंच, दीड इंच म्हणजे बारा सूत, तीन गेले नऊ उरले, एक इंच एक सूत. अपूर्णांकाची वजाबाकी, पाचवी-सहावीतली. मी त्यांना काय उत्तर देणार? पोरगा आळशी नाही. त्यानं चौकटी भरल्या, पाठ केलेल्या स्टेप लिहिल्या, स्टेपला मार्क मिळतात ते मिळवले, कुणी त्याला कधी सांगितलंच नाही की तुझा अपूर्णांक कच्चा आहे, कारण मार्कलिस्टवर ८१ होते. असर म्हणजे ग्रामीण पोरांना लिहिता-वाचता, गणित करता येतं का हे बघणारी पाहणी, तिच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण पोरांत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग जाणारी ४३.३ टक्केच निघाली. ही पोरं दहावीच्या आसपासचीच आहेत. यांच्यातली कितीतरी चांगल्या मार्कांनी पास होत असणार.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. मार्कलिस्टवर विषयापुढं नुसते शंभरपैकी किती एवढंच येतं. त्याच्याऐवजी लेखी किती आणि शाळेचे किती हे वेगवेगळं छापा. पास-नापासचा नियम आहे तोच ठेवा, २० मार्क काढू नका, अकरावीला पोरांचं नुकसान करू नका. फक्त दाखवा. आणि तालुकावार लेखी गणिताची, लेखी इंग्रजीची सरासरी बोर्डानं जाहीर करावी, शाळांची नावं घालून बदनामी नको, तालुका पुरे. कुठल्या प्रश्नाला किती पोरांना शून्य मिळालं हे सुद्धा निघू शकतं, तपासलेल्या उत्तरपत्रिकांत ते सगळं असतंच, परीक्षक प्रश्नवार मार्क लिहितोच की.

यावर एक सर मला म्हणाले, असं केलं तर गरीब शाळांची लाज निघेल, पालक पोरं काढून घेतील. भीती खोटी नाही. पण आत्ता काय होतंय, लाज झाकली जाते आणि मदतही येत नाही. गगनबावड्याची लेखी सरासरी शहराच्या निम्मी आहे हे जर कागदावर आलं, तर तिथं गणिताचं रिक्त पद भरा म्हणून कुणीतरी जिल्हा परिषदेत उठून बोलू शकेल. आज तो माणूस उठला तर त्याला ९७ टक्क्यांचा कागद दाखवून खाली बसवतात. आणि पालकांनो, बोर्ड काय करेल तेव्हा करेल, तुमचं पोरगं नववी-दहावीत असेल तर शाळेत जाऊन सराव परीक्षेचा पेपर बघायला मागा. एकूण मार्क बघू नका. चौकटीचे प्रश्न सोडून बाकीच्या प्रश्नांवर बोट ठेवा आणि त्यातलं एक उदाहरण कोऱ्या कागदावर पोराला तुमच्यासमोर सोडवायला सांगा, तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, ते पहिल्या ओळीला अडतं की शेवटच्या, एवढं तुम्हाला नक्की दिसेल, आणि ते आम्हाला येऊन सांगा, आम्ही तिथनं सुरुवात करू.