पोर्टल, प्रिंटर आणि मामांची पुडी

आमच्या मामांच्या ट्रकमध्ये जोतिबाच्या फोटोमागे एक रेग्झिनची पिशवी लटकलेली असते. तिचा मूळ रंग निळा होता असं मामा सांगतात. मी पाहतोय तेव्हापासून ती डिझेलच्या रंगाचीच आहे. आत आरसी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्सची पावती, एलआर म्हणजे माल गाडीत भरल्याची आमची पावती, व्यापाऱ्याचं बिल आणि सगळ्यात तळाला घडी घातलेली शंभराची एक नोट. त्या नोटेबद्दल मी कधी विचारलं नाही आणि मामांनी कधी सांगितलं नाही. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. ते आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आणि मार्केट यार्डातली बोळंसुद्धा त्यांना मामाच म्हणतात.

माझ्या तीन गाड्या आहेत. सांगलीहून हळद, बेदाणा भरायचा, इंदूरकडे न्यायचा, येताना मिळेल ते आणायचं. वडिलांच्या काळात या धंद्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक एलआर बुक, तीन कार्बन आणि कानावरचं पेन. एलआरच्या चार प्रती निघतात: माल पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची, गाडीबरोबर जायची आणि आपली. वडील पेनवर असा भार देत की अक्षर चौथ्या प्रतीवर तर उठेच, शिवाय खालच्या लाकडावरही उठे. त्या टेबलावर तिरका उजेड पडला की 'हळद पोती 120' अजून वाचता येतं.

मग ई-वे बिल आलं, म्हणजे जीएसटीसाठी मालाबरोबर न्यायचा ऑनलाइन कागद. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर आधी सरकारच्या वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, त्याची कुंडली मांडायची. 1 फेब्रुवारी 2018 ला ते देशभर सुरू झालं आणि त्याच दिवशी पोर्टल बसलं. असं बसलं की सरकारला मुदतच पुढे ढकलावी लागली. आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांना हा शुभशकुन वाटला. पण 1 एप्रिलला ते पुन्हा उठून उभं राहिलं. तारीख बघून पहिले दोन दिवस आम्ही चेष्टाच समजत होतो.

या बिलाचे दोन भाग. पार्ट ए मध्ये मालाची माहिती, ती बहुतेकदा व्यापारी भरतो. पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर, ते आमच्या गळ्यात. पार्ट बी कोरा असलेलं बिल म्हणजे नवरदेवाच्या नावाची जागा मोकळी सोडलेली लग्नपत्रिका. वाजंत्री, जेवण, मुहूर्त सगळं ठरलंय, पण वरात काढता येत नाही. एकदा नंबर टाकला की घड्याळ सुरू. तेव्हा दर शंभर किलोमीटरला एक दिवस मिळायचा. 2021 पासून त्याच एका दिवसात दोनशे किलोमीटर जायचं असतं. गाड्या त्याच, घाट तेच, फक्त दिवस लांब झाला असं कुणीतरी ठरवलं.

सुरुवातीला आम्ही यार्डाबाहेरच्या सायबर कॅफेत जायचो. कॅफे रात्री आठला बंद व्हायचा. आणि हमाल लोक शेवटचं पोतं गाडीत टाकतात साडेनऊला. ताडपत्री बांधून, दोर आवळून, मामा इंजिन चालू करून तयार आणि मी कॅफेवाल्याच्या घराखाली उभा राहून त्याच्या जेवणात व्यत्यय आणतोय, असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी त्याच्या बायकोने खिडकी उघडली नाही. तेव्हा मी ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला, "आय थ्री देऊ, फाइव्ह देऊ का सेव्हन?" मी गाड्यांच्या हिशोबाने विचारलं, "सहा चाकी, दहा चाकी, बारा चाकी, तसं का?" तो म्हणाला, "तसंच समजा." मग सोपं होतं. मी म्हटलं, मला सहा चाकी पुरे, माल हलका आहे, बारा आकडी बिल नंबर आणि एक गाडी नंबर. पण माझ्याबरोबर भाचा आला होता. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की मामा, पुढच्या पाच वर्षांचा विचार करा, ग्राफिक्स कार्ड लागेल. मी विचारलं, पार्ट बी ला ग्राफिक्स कार्ड कशाला? तो म्हणाला, स्मूथ चालतं. सीए साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "कुठलाही चालेल हो," आणि फोन ठेवला. ज्याच्या ऑफिसात चार पोरं कॉम्प्युटरवर बसवलेली असतात त्याला कुठलाही चालतो.

शेवटी जो लॅपटॉप घरी आला त्याचा कीबोर्ड रात्री लाल-निळा उजळायचा. हमाल बघायला यायचे. पार्ट बी भरताना माझ्या तोंडावर गणपतीच्या मंडपासारखा उजेड पडायचा.

प्रिंटरची कथा वेगळी. दुकानदाराने रंगीत शाईचा प्रिंटर गळ्यात मारला. मी त्यात एलआरचा चार पानी संच घातला, मध्ये कार्बन. वरचं पान सुरेख आलं. खालची तिन्ही कोरी. दुसऱ्यांदा घातला, पुन्हा तेच. दुकानदाराला फोन केला तर तो हसला. तेव्हा कळलं की शाईचा प्रिंटर कागदाला हातच लावत नाही, लांबून थुंकतो. वर थुंकलेलं खालच्या कार्बनला कळणार कसं? त्याला ठोकणाराच पाहिजे. शिवाय त्या प्रिंटरने सहा महिन्यांत एकही रंगीत कागद न छापता तिन्ही रंग संपवले आणि रंग नाहीत म्हणून काळं छापायलाही नकार दिला. असला स्वभाव मी आजवर फक्त एका भावकीत पाहिला होता.

मग डॉट मॅट्रिक्स आणला, जुन्या बाजारातून. कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद, रिबन, आणि आवाज असा की पत्र्याच्या डब्यावर कानस घासतंय कोणीतरी. रात्री दहाला एलआर छापली की शेजारच्या अडत दुकानातलं कुत्रं उठून भुंकायचं. पण चौथ्या प्रतीवर अक्षर उठलं. मी नकळत टेबलाच्या लाकडाकडे बघितलं. तिथपर्यंत मात्र गेलं नव्हतं. वडिलांच्या हाताला तोड नाही.

इंटरनेटचं विचारू नका. विचारलंत तर थोडक्यात सांगतो. आधी केबलवाल्याची वायर घेतली. गटारीचं काम निघालं आणि जेसीबीने ती तोडली. जोडली, तर गटार चुकीच्या उताराने गेलं म्हणून पुन्हा खणलं आणि पुन्हा तोडली. त्या जेसीबीवाल्याला माझी वायर कुठे आहे हे माझ्यापेक्षा नीट माहीत झालं होतं. मग डोंगल घेतला. डोंगलला टेबलावर रेंज नाही, गल्ल्यावर नाही, देवाऱ्यात अर्धी काडी. पूर्ण रेंज ऑफिसभर एकाच ठिकाणी होती, वरच्या झरोक्यात, जिथे कबुतरं बसतात. तेव्हा डोंगल तिथे दोऱ्याने टांगला. खाली पोत्यांच्या थप्पीवर चढून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी कॅप्चा, म्हणजे आपण माणूस आहोत हे पटवायला पोर्टल दाखवतं ती वेडीवाकडी अक्षरं, वाचायचो. कॅप्चातलं शून्य आहे का ओ, हे हळदीच्या धुरळ्यात, शिंका देत ठरवायचं. तीनदा चुकलं की पोर्टलला आपण माणूस आहोत हे पटेनासं होतं, आणि मलाही.

याच काळात भाच्याने 'मोबाइल ऑफिस'ची कल्पना काढली. प्रत्येक गाडीतच लॅपटॉप ठेवायचा, ड्रायव्हरने वाटेतच सगळं करायचं. त्यासाठी त्याने आपल्या कारमधला इन्व्हर्टर काढून आणला आणि मामांच्या गाडीच्या बॅटरीला जोडला. कारचा इन्व्हर्टर 12 व्होल्टचा. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 करतात, हे आमच्या यार्डातला चहावाला पोरगाही सांगेल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात बहुतेक तो धडा नसावा. आधी 'फट्' झालं, मग केबिनमधून पांढरा धूर आला. मामा शांतपणे खाली उतरले, एकदा हुंगलं आणि म्हणाले, "मालक, ह्यो वायरिंगचा वास न्हाई. पैशाचा हाय."

तरी भाचा थांबला नाही. त्याने छोटा थर्मल प्रिंटर आणला, तिकिटासारखी पट्टी निघते तो. शाई नको, रिबन नको, कुत्र्याची झोपमोड नको. मलाही पटलं. पुढच्या ट्रिपला ई-वे बिल त्या पट्टीवर छापून मामांच्या हातात दिलं. मामांनी ती उलटसुलट करून बघितली, "गुळगुळीत हाय," एवढंच म्हणाले आणि काचेखाली डॅशबोर्डवर ठेवली.

मे महिना होता. नगर, मनमाड, धुळं, सगळा उन्हाचा रस्ता. शिरपूरच्या पुढे जीएसटीच्या फिरत्या पथकाने गाडी बाजूला घेतली. "ई-वे बिल?" मामांनी पट्टी काढून दिली. साहेबांनी ती बघितली, उजेडाकडे धरून बघितली, चष्मा वर करून बघितली. दोन दिवसांच्या उन्हाने त्यावरची अक्षरं जोतिबाच्या चरणी गेली होती. हातात कोरी, पिवळसर, गुळगुळीत पट्टी.

"मामा, यावर काहीच नाहीये."

"व्हय साहेब. कालपर्यंत हुतं."

बिलाशिवाय गाडी सापडली तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात आणि दंड कराच्या पटीत बसतो. हा प्रसंग मला नंतर फोनवर कळला आणि तेव्हाही मी खुर्चीला धरून ऐकला. मामांनी मात्र खिशातून गायछापची पुडी काढली. साहेबांना वाटलं, तंबाखू मळतोय. पण मामांनी पुडी पालथी केली. मागे बॉलपेनने, मोठ्या, शाळकरी अक्षरात बारा आकडे लिहिले होते. चार-चार-चार अशी फोड करून. निघताना माझ्या स्क्रीनवर बघून त्यांनी ते उतरवून घेतले होते, मला न विचारता. नियमाप्रमाणे बिलाची प्रत किंवा नुसता नंबर दाखवला तरी चालतो. साहेबांनी आपल्या मोबाइलवर बारा आकडे टाकले, सगळं बिल समोर आलं, गाडी नंबर जुळला आणि गाडी सुटली. सुटताना साहेबांनी एक चिमूट मागितली म्हणे. हे मामांचं म्हणणं, मी त्यात नव्हतो.

खरी कसोटी त्या पावसाळ्यात झाली. रात्री साडेअकराला फोन वाजला. मी अंथरुणावरून ओरडलो, "काय? पलटी?" शेजारी बायको ताडकन उठून बसली, "अगं बाई, गाडी पलटी झाली? मामा बरे आहेत ना?" तिला समजवायला पाच मिनिटं गेली की गाडी पलटी होणं वेगळं आणि माल पलटी करणं वेगळं. सेंधव्याजवळ बिजासन घाटात आमच्या गाडीची क्लचप्लेट जळाली होती, आणि मामांनी ओळखीच्या एका रिकाम्या गाडीत माल पलटी करायला, म्हणजे इकडून तिकडे भरायला, सुरुवात केली होती. आता गाडी बदलली म्हणजे पार्ट बी बदलायचा. तो बदलल्याशिवाय नवी गाडी हलवायची नाही.

ऑफिसला पळालो. लॅपटॉप उघडला तर त्याने लाल-निळा उजेड पाडून जाहीर केलं की अपडेट चालू आहे, बंद करू नका. बारा टक्के. केबलची वायर जेसीबीने आदल्याच दिवशी तोडली होती. डोंगल उतरवला तर त्यात कबुतराने घरट्याची दुसरी खोली काढलेली. वीस मिनिटांनी चौदा टक्के. भाच्याला फोन केला, त्याने उचलला नाही. पोर्टलने उचललं असतं, पण त्याच्यापर्यंत पोचायलाच काही नव्हतं.

पुन्हा मामांचा फोन. घाटातून थोडं वर चालत येऊन, एका दगडावर उभं राहून ते बोलत होते. तिथेच रेंज होती. "मालक, हितं ढाब्यावर एकजण म्हंतोय, त्येचा मालक नुसता मेसेज टाकतो म्हणं. साध्या फोनवरनं."

मला एकदम आठवलं. पहिल्या वर्षी सीए साहेबांच्या ऑफिसातल्या पोराने माझा नंबर पोर्टलवर मेसेजसाठी नोंदवून दिला होता आणि एक चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी कुठे होती? वडिलांच्या टेबलाच्या खणात, कार्बनच्या खाली. ई-डब्ल्यू-बी-व्ही-ई-एच, मग बिलाचा नंबर, मग नव्या गाडीचा नंबर, मग कारण: बी-आर-के, म्हणजे ब्रेकडाउन. मी माझ्या बटणांच्या जुन्या फोनवर एकेक अक्षर तीन-तीनदा दाबून लिहिलं. बिलाचा नंबर मामांनी फोनवर वाचून दाखवला, चार-चार-चार करून. मेसेज गेला आणि थोड्या वेळाने उलट उत्तर आलं. लॅपटॉप तेव्हा सतरा टक्क्यांवर होता.

पुढे सगळं जरा सरळ झालं. वायर गटारीच्या दुसऱ्या बाजूने घेतली, लाल-निळा लॅपटॉप भाच्याला परत दिला (तो नाही म्हणाला नाही), त्याच्या जागी एक साधा आला, आणि डॉट मॅट्रिक्स अजून कुत्र्याला उठवतो. 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो. पुन्हा 1 एप्रिलच. ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि माझा फोन बहुतेक वेळा बायकोच्या पर्समध्ये, पर्स एखाद्या हळदी-कुंकवात असते. पण ते दुसरं प्रकरण.

मार्चअखेर सीए साहेबांचा फोन आला. ट्रिपशीट तपासत होते. डिझेल, टोल, हमाली, क्लचप्लेट सगळं बरोबर, पण दर ट्रिपला मामांच्या अक्षरात एक खर्च लागतो तो काय आहे, 'टेशनरी, 1 पुडी'?

मी म्हटलं, घ्या खर्चात.