ट्रम्पला चान्स देणारी मी कोण?

(नोव्हेंबर 2016, ट्रम्प निवडून आल्यानंतरचा दुसरा आठवडा.) काल आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. (हो, दिवाळी केव्हाच झाली, पण शाळेचा हॉल काल मिळाला. इथल्या मंडळींना सांगायला नको.) मसालेभाताच्या रांगेत उभी होते, तर मागून आवाज, "अगं, निवडून आलाय ना आता तो? मग एक चान्स तर दे त्याला!"

आमचे काका. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. माणूस लाख चांगला. कोणाला रात्री दोन वाजता नूअर्कच्या विमानतळावरून आणायचं असेल तर पहिला फोन काकांना जातो. म्हणून तिथे काही बोलले नाही, ताट घेऊन मुकाट्याने बसले. पण सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. तर इथेच ओकते.

मी कोण हो त्याला चान्स देणारी? निवडून यायला 270 इलेक्टोरल मतं हवी होती, ती त्याला मिळाली. त्याच्याविरुद्धच्या हिलरी क्लिंटनला देशभरात लोकांची 10 लाखांहून जास्त मतं अधिक पडली, तरी मिळाली. नियम आहे तसा, मान्य. संसदेची दोन्ही सभागृहं, हाउस आणि सेनेट, त्याच्याच पक्षाची. मी नाराज आहे म्हणून 20 जानेवारीचा शपथविधी पुढे ढकलणार आहेत का? चार वर्षांचा चान्स घटनेनेच दिलाय त्याला. काकांना माझ्याकडून हवंय ते वेगळंच काहीतरी. मी फेसबुकवर लिहू नये, जेवताना विषय काढू नये, नवीन पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करू नये. एवढंच ना? मग तसं सांगा की सरळ!

आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा पलीकडच्या टेबलावर आत्या बसल्या होत्या. माझ्या नवऱ्याची आत्या. त्यामुळे मला जास्त लागलं.

नवीन आलेल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. 1987 साली आत्या जर्सी सिटीत राहायच्या. त्या उन्हाळ्यात तिथल्या पेपरात एक पत्र छापून आलं. खाली सही 'डॉटबस्टर्स'. डॉट म्हणजे आपलं कुंकू, आपली टिकली. भारतीयांना या शहरातून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ, असं लिहिलेलं. आम्ही फोनबुक उघडतो आणि पटेल आडनाव शोधतो, असंही. ते वाचून आत्यांचे यजमान काय म्हणाले असतील? "आपण कुठे पटेल आहोत?"

आत्या म्हणाल्या, "रस्त्यात मारायच्या आधी आडनाव विचारणार आहेत का ते?"

आत्या त्या दिवसांत भाजी आणायला निघाल्या की दारातल्या आरशात बघून कुंकू पुसायच्या, साडीवरून विंडचीटर गळ्यापर्यंत बंद करायच्या. घरी आल्या की पुन्हा लावायच्या. त्यांच्या सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि घरात जो काही गोंधळ झाला! नवरा धडधाकट समोर बसलाय आणि सून कपाळ पुसतेय. म्हातारीला इंग्रजी पेपरातलं पत्र कसं समजावणार? यजमान दोघींना म्हणत राहिले, "थोडे दिवस गं. बघू काय होतं ते."

सप्टेंबरात काय झालं ते कळलंच. शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. सिटीकॉर्पमध्ये नोकरी होती त्याची. पुढच्या काही दिवसांत जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेदम मारलं.

नवरोज मोदी पारशी होता. पुन्हा वाचा. कुंकवाच्या रागातून पेटलेल्या त्या दिवसांत एक पारशी पुरुष मेला.

आता या वर्षीच्या, 2016 च्या, 15 ऑक्टोबरला या. इथलंच एडिसनचं कन्व्हेन्शन सेंटर, हिंदूंचा कार्यक्रम, पाहुणे ट्रम्प. हो, मी गेले होते. फुकट तिकिटं होती आणि प्रभुदेवा येणार होता, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू! ट्रम्पनी स्टेजवर दिवा लावला आणि म्हणाले, मी हिंदूंचा मोठा फॅन आहे. काय टाळ्या पडल्या! माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीवर चढायचाच बाकी होता. लोक मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. हाच माणूस गेल्या डिसेंबरात म्हणाला होता की मुसलमानांना अमेरिकेत येणं पूर्ण बंद करा. त्या हॉलमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं. पण आपण कुठे मुसलमान आहोत!

आपण कुठे पटेल आहोत!

मला तिथे आत्यांचं विंडचीटर आठवत होतं आणि समोर स्टेजवर नाच चालू होता.

2001 मध्ये ॲरिझोनात, मेसा गावी, बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली. 11 सप्टेंबरनंतर अवघ्या चार दिवसांनी. पगडी होती ना. मारणाऱ्याला शीख म्हणजे काय हे कोण समजावणार, आणि कधी? वरून कोणीतरी सांगतं की 'ते' वाईट आहेत. खाली जो उभा असतो तो 'ते' म्हणजे कोण, याची चौकशी करत बसत नाही. जो सापडेल तो.

"पण बुशलाही तुम्ही असंच म्हणायचात," असं कोणीतरी लिहिणारच खाली. म्हणत होतो! 2000 साली फ्लोरिडातली मोजणी सुप्रीम कोर्टाने थांबवली, तेव्हा अल गोर यांच्यासाठी आमच्या घरात सुतक पाळलं होतं. इराकचं युद्ध मी आजही माफ केलेलं नाही. पण त्याच बुशनी सोढींना मारल्यानंतर दोन दिवसांत वॉशिंग्टनच्या मशिदीत जाऊन सांगितलं की इस्लाम म्हणजे शांती आणि इथल्या मुसलमान शेजाऱ्यांना त्रास देऊ नका. मला आवडत नव्हता तो माणूस. पण ते बोलायला तो गेला.

ट्रम्पही बोलले, मान्य. गेल्या रविवारी टीव्हीवर कॅमेऱ्यात बघून म्हणाले, लोकांना त्रास देत असाल तर थांबवा. बरं केलं. आणि त्याच दिवशी ब्राइटबार्ट या कडव्या उजव्या वेबसाइटच्या स्टीव्ह बॅननला मुख्य सल्लागार नेमलं. शुक्रवारी सेनेटर जेफ सेशन्सचं नाव ॲटर्नी जनरलसाठी (म्हणजे कायदा खात्याच्या प्रमुखपदासाठी) आलं, ज्यांना 1986 मध्ये त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सेनेटच्या न्यायसमितीने न्यायाधीश होऊ दिलं नव्हतं, वंशभेदाच्या आरोपांवरून. काका, तुमच्या भाच्याचा एच-वन, नोकरीचा व्हिसा, चालू आहे ना? सेशन्स एच-वनबद्दल काय म्हणतात तेही जरा शोधून वाचा. बुधवारी तर एक ट्रम्पसमर्थक गृहस्थ टीव्हीवर मुसलमानांची नोंदणी करण्याबद्दल बोलताना म्हणाले की दुसऱ्या महायुद्धातल्या जपान्यांचं उदाहरण आहेच की! म्हणजे 1942 पासून सव्वा लाखाच्या आसपास माणसं छावण्यांत डांबली, त्यातली बहुतेक इथेच जन्मलेली, हे आता उदाहरण! (तो हुकूम रूझवेल्टचा, डेमोक्रॅटचा. माहितीये मला. लिहू नका कोणी.)

अजून शपथही झालेली नाही.

काकांचं दुसरं वाक्य राहिलंच. "एकदा विमानात बसलो की पायलट चुकावा असं कोणी म्हणतं का?" हे व्हॉट्सॲपवरून आलंय, माझ्याकडे चार ग्रुपवर आलं. अहो, पण हा पायलट चढायच्या आधीच माइकवरून सांगतोय ना, की मागच्या रांगेतल्या काहींना उतरवणार म्हणून! मग मागे वळून बघायचं पण नाही?

आणि चान्सचे धडे कोणी द्यावेत! ओबामा या देशात जन्मलेच नाहीत हे तुणतुणं ट्रम्पनी पाच वर्षं वाजवलं. या मार्चमध्ये ओबामांनी सुप्रीम कोर्टासाठी न्यायाधीश मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, तर ट्रम्पच्या पक्षाच्या ताब्यातल्या सेनेटने त्यांची साधी सुनावणीसुद्धा घेतली नाही. आठ महिने झाले. तेव्हा काका कुठे होते? फराळाच्या रांगेत?

जाऊ दे. चिडले की मी वाहवत जाते.

हिलरीनेही 9 तारखेला सांगितलं की मोकळ्या मनाने त्याला काम करण्याची संधी देऊ या. ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, शेजारी बसवलं. त्यांना तसं करावंच लागतं, ती त्यांची जागा आहे. आणि पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावांनी गेल्या दोन्ही वेळी ओबामांना मत दिलं आणि या वेळी याला, ती सगळी माणसं द्वेष्टी आहेत असं मला वाटत नाही. आमच्या ऑफिसात तिकडचा एक आहे. त्याच्या वडिलांची पोलादाची गिरणी बंद पडली तेव्हा तो शाळेत होता. डब्यातली माझी पोळीभाजी मागून खातो. त्याने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आम्ही दोघं सध्या हवामानावर बोलतो.

(भारतातल्या मंडळींचं तर वेगळंच चाललंय. इथल्या मतदानाच्या त्याच दिवशी तिकडे 500 आणि 1000 च्या नोटा गेल्या, आणि तिथेही 50 दिवस द्या म्हणताहेत. त्यावर आज नको. एका पोस्टमध्ये एकच भांडण.)

काल घरी येताना गाडीत आत्यांना विचारलं, तुम्ही ऐकलंत ना काका काय म्हणाले? तर म्हणाल्या, "तू उगाच वाद घालतेस. तो काय वाईट माणूस आहे का?" नाहीच आहे. तेच तर म्हणतेय मी. जर्सी सिटीतली ती टोळकी होती मूठभर पोरांची. बाकीचं अख्खं शहर चांगलंच होतं, आणि आपलेही लोक चांगलेच होते. सगळे म्हणत होते, थोडे दिवस जाऊ द्या. त्या थोड्या दिवसांची किंमत कोणी मोजली? आत्यांनी. आणि अजून मोजताहेत. त्या सवयीने आजही बाहेर जाताना कपाळ मोकळं ठेवतात. काल आपल्याच मंडळात, आपल्याच माणसांत, पैठणी नेसून बसल्या होत्या आणि कपाळावर काही नव्हतं. यजमान जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं त्याचमुळे. तसं नाहीये ते.

आता कामाचं. पुढच्या नोव्हेंबरात, 2017 मध्ये, आपल्या राज्यात गव्हर्नरची निवडणूक आहे. आपल्या मंडळात निम्म्या लोकांना ग्रीन कार्ड मिळून नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षं कधीच उलटली आहेत आणि "बघू, करू" चाललंय. जे नागरिक झालेत त्यातले कित्येक नोंदणीच करत नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एका टेबलावर नागरिकत्वाचे आणि मतदार नोंदणीचे, दोन्ही फॉर्म घेऊन बसणार आहे. कुणालाही मत द्या, ट्रम्पच्या पक्षाला द्या, मी विचारणार नाही. फॉर्म भरायला दोघी-तिघी मदतीला हव्यात, खाली कॉमेंटमध्ये सांगा.

आणि "मंडळात राजकारण नको" हे वाक्य कमिटीने मला ऐकवू नये. ऑक्टोबरात त्या एडिसनच्या कार्यक्रमाची फुकट तिकिटं मंडळाच्याच ग्रुपवर वाटली होती.