पळसाला पानं तीन, मागणारे चार

प्राजक्ताच्या फुलाचे दोन भाग असतात. पांढरा देवाचा आणि केशरी माझा. हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मान्य नाही. त्यांच्या मते अख्खं फूल देवाचं आहे, आणि देव त्यांच्या घरी आहे. झाड सोसायटीचं, सडा पार्किंगमध्ये, वेळ पहाटे साडेपाचची. सत्यभामा-रुक्मिणीचं भांडण मिटवायला निदान श्रीकृष्ण तरी होता. आम्हाला वॉचमनमामांवर भागवावं लागतं.

माझी बाजू अशी की, मला रंगासाठी फक्त केशरी देठ हवे असतात. देठ खुडायचे, सावलीत कागदावर पसरून खडखडीत वाळवायचे. उन्हात टाकले तर रंग कापडाआधीच उडतो, आणि ओलसर असताना डब्यात भरले तर दोन दिवसांत बुरशी. 20 ग्रॅम रेशमी धाग्याला मी 20 ग्रॅम वाळके देठ धरते. भरलेली परडी निवडावी तर वाळल्यावर चमचाभर माल हाती लागतो, म्हणजे एका लडीसाठी अख्खा हंगाम काकूंच्या आधी उठायचं. रंग असा येतो की बघत राहावं. आणि उन्हात टांगला तर बघत राहायला उरत नाही.

मी जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या आणि भिंतीवर लावायची कापडचित्रं करते, झाडांच्या रंगात. त्यातली होतील तेवढी झाडं गच्चीवर लावलेली, आणि तीही देशी. ऐकायला फार गोड वाटतं. "किती छान, निसर्गाच्या सान्निध्यात!" असं म्हणणाऱ्यांना मी लुगडं उकळायच्या दिवशी बोलावते. पुन्हा येत नाहीत.

खरी अडचण अशी की, या गच्चीवर मी एकटी नसून दोन आहे. बागवाली मी म्हणते, फुलं झाडावर राहू दे, मधमाश्या येतात. रंगवाली मी विचारते, मधमाश्यांनी आगाऊ नोंदणी केली होती का? त्यात पाखरं आणि शेजारपाजार धरला की झाड एक आणि मागणारे चार. पळसाला पानं तीनच, हे सांगणाऱ्याने हिशोब करून ठेवलेला दिसतो.

तो पळस काही कुंडीत मावत नाही. तो टेकडीवर, फाल्गुनाच्या सुमारास फुलतो, आणि टेकडीवरचं फूल खुडायचं नाही हा माझा नियम आहे. खाली पडलेली ताजी फुलं तेवढी पिशवीत. रात्रभर भिजवली की पिवळं पाणी, त्यात चिमूटभर चुना टाकला की केशरी. प्रदर्शनं मात्र थंडीत असतात. त्यामुळे आमच्या पोटमाळ्यावर वर्षभर वाळवलेल्या फुलांचा शिमगा बांधून ठेवलेला असतो.

सुती कापड हे रंगाच्या बाबतीत फार माणूसघाणं. रेशीम आणि लोकर रंगाला घरात घेतात. सुताच्या दारात रंग उभा राहतो आणि पहिल्या धुण्यात परत जातो. तिथे वशिला लागतो. तो हिरड्यातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, आणि तुरटीचा. 500 ग्रॅम वजनाच्या लुगड्याला 75 ते 100 ग्रॅम हिरडापूड, म्हणजे कोरड्या कापडाच्या 15 ते 20 टक्के. हंगामाची बेगमी म्हणून मी एकदम दोन किलो घेते. पुण्याच्या रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात दोन किलो हिरडा मागितला की दुकानदार आधी चेहरा बघतो, मग पोट.

"किती दिवसांपासून त्रास आहे, ताई?"

"त्रास नाही हो, साडीला लावायचाय."

"साडीला पण?"

तो कळवळून बाळहिरडा काढतो. बाळहिरडा म्हणजे झाडावरून कोवळाच उतरवलेला, वाळून काळा पडलेला; आपल्याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत तो गोळा करतात. पोटाला उत्तम. रंगाला मात्र मोठा, पिवळट, पिकलेला सुरवारी हिरडा हवा, आणि तोही बी काढून, कारण टॅनिन सालीत असतं. बियांसकट दळलेली पूड स्वस्त पडते आणि निम्मी फुकट जाते. मग मी अर्धा किलो मंजिष्ठा, म्हणजे लाल रंगाची मुळं, मागते. तिथे चेहऱ्यावरचे वांग शोधायला तो पुन्हा वर बघतो.

हिरड्याच्याही आधी कापड उकळणं आलं. 500 ग्रॅमला 15 ग्रॅम धुण्याचा सोडा, भरपूर पाणी, तासभर. पांढरंशुभ्र म्हणून वर्षानुवर्षं कपाटात जपलेलं लुगडं या पाण्यात टपरीवरच्या चहासारखा रंग सोडतं. खळ, तेल, साबणाचे थर, घराण्याचा सगळा इतिहास. कंटाळा करून ही पायरी गाळली की पुढे रंगाचे असे डाग पडतात की कापडचित्राऐवजी जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. मग हिरड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवायचं, सकाळी पिळायचं, न धुता वाळवायचं. लुगडं फिकट पिवळं होतं आणि घराला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास येतो.

पुढे तुरटी: 75 ग्रॅम, आणि तिच्या चौथाई तोच धुण्याचा सोडा. तुरटी आंबट असते, सोडा तिचा आंबटपणा कमी करतो, आणि मग ती सुताला धरते. दोन्ही वेगवेगळ्या गरम पाण्यात विरघळवून सोड्याचं पाणी तुरटीत थोडं थोडं ओतायचं. थोडं थोडं या शब्दाला इथे फार अर्थ आहे. एकदम ओतलं की फेस पातेल्याच्या काठावरून खाली, ओट्यावरून शेगडीत. म्हणून पातेलं निम्मं रिकामं ठेवावं. दूध उतू गेलं तर लक्ष्मी येते म्हणतात. हे उतू गेलं तर कामवाल्या मावशी जातात.

पातेलं स्टीलचं, आणि त्यावर लाल ऑइलपेंटची फुली. फुलीचं पातेलं आमटीच्या वाटेला कधीही जायचं नाही. यावर घरात कितीही मवाळ विनंत्या आल्या, पाहुणे कितीही असले, तरी तडजोड नाही.

एवढं सगळं मनासारखं झालं तरी शेवटचा शब्द पाण्याचा. महापालिकेचं पाणी धरणाचं, मानाने हलकं. टँकर आला की ते बहुधा बोअरचं, जड. मंजिष्ठेला पाण्यातला कॅल्शियम मानवतो, लाल खुलतो. तेच जड पाणी कापड धुवायला वापरलं तर साबणाचा फेस होत नाही, पांढरी साय धाग्यावर बसते आणि तिथे रंग चढत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असलं तर पिवळ्याचा थेट शेवाळी. त्यामुळे माझ्या रंगवहीत मंजिष्ठेपुढे कापडाचं वजन, मुळांचं वजन (निम्म्यापासून बरोबरीपर्यंत) आणि तिसऱ्या रकान्यात नुसतं 'टँकर' असं लिहिलेलं असतं. "अगदी अशीच दुसरी गोधडी मिळेल का?" असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी सोसायटीच्या टाकीकडे बघते. आणि मंजिष्ठा उकळायची नाही. तळाला बारीक बुडबुडे धरले की गॅस बारीक करायचा. खळखळ उकळी फुटली की लालाचा विटकरी आणि विटकरीचा तपकिरी व्हायला चहा गाळण्याइतकाच वेळ लागतो, आणि मी नेमकी तेव्हा चहाच गाळत असते.

काळा रंग ही तर पोलीस केस. कृती साधी आहे: अर्धा किलो गंजके खिळे, पाव किलो गूळ, पाच लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत पंधरा-वीस दिवस. कलमकारीवाले याला कसीम म्हणतात. गूळ आंबतो, आंबटाने लोखंड पाण्यात उतरतं आणि हिरडा लावलेल्या कापडावर ते पाणी टेकवलं की डोळ्यांदेखत काळं होतं. तोंडाला फडकं बांधायचं, घट्ट झाकण नाही, कारण आत वायू होतो आणि झाकण उडतं. त्या बादलीशेजारी वाळत घातलेली धायटीची फुलं. धायटी हे सह्याद्रीतलं काटक झुडूप, लाल फुलांचं, रंगालाही चालणारं. पण वैद्य मंडळी तिची फुलं आसवं-अरिष्टं आंबवायला घालतात. आता गच्चीवर आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. फेसाळणारी बादली, गुळाची ढेप, आंबूस वास, धायटीची फुलं आणि मोठमोठी पातेली. "वहिनी, कमिटीत विषय निघालाय," असं मामा अदबीने सांगतात तेव्हा त्यांची नजर बादलीवर असते. त्यात भीती किती आणि अपेक्षा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेच कसीम ढवळलेला चमचा मंजिष्ठेत बुडाला तर लाल मेला म्हणून समजा. लोखंड सगळ्यांना मळवतं. शिवाय अति झालं तर कापड खातं. काळ्या पट्ट्या काही वर्षांनी रेघेवर फाटतात. गोधडीत आतल्या थरात काळं लुगडं घालू नये, ते वरच्यांच्या आधी निवृत्त होतं.

देशी झाडांचं दुसरं दुखणं म्हणजे ती उन्हाळ्यात दिसत नाहीत. आमच्या टेकड्यांना वर्षात चार महिने हिरवं राहायची सवय, तीच गच्चीवरही. कळलावीचा वेल दिवाळीनंतर वाळतो आणि पहिल्या वळवापर्यंत कुंडीत नुसती माती. तिचा कंद फाट्यासारखा. दोन-तीन इंच खोल, आडवा पुरायचा, टोकाचा कोंब मोडायचा नाही, हातमोजे घालायचे, कारण झाडाचा प्रत्येक भाग विषारी. मातीत निम्मा पोयटा आणि उरलेल्यात मुरूम व पालापाचोळ्याचं खत. पाणी तुंबलं की संपलं. झोपलेल्या कंदाला पाणी घातलं तर तो उठत नाही, सडतो. आणि रिकामी कुंडी बघून पाणी न घालणारी काकू पुण्यात जन्माला यायची आहे. कळलावी घरात लावली की भांडणं होतात, अशी समजूत आहे. कशी होतात हे मी प्रत्यक्ष सांगू शकते. शेवटी पाटी लावली: 'कुंडी रिकामी नाही. झाड झोपलेले आहे. पाणी व सल्ला घालू नये. चौकशी जूननंतर.' आता पाणी घालत नाहीत. पाटीचं शुद्धलेखन तपासतात.

झेंडूचा विषय मी खालच्या आवाजात काढते. तो मूळ मेक्सिकोचा, म्हणून आमच्या गच्चीत त्याला प्रवेश नाही. पण तुरटीवर पिवळा आणि लोखंडावर मेंदीसारखा हिरवट इतक्या बिनतक्रार देणारं दुसरं फूल दाखवा. त्यामुळे दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी मी मजल्या-मजल्यावरून सुकलेली तोरणं मागत फिरते. आंब्याची पानं वेगळी काढायची, दोरा वेगळा, आणि टाचण्या तर नक्कीच वेगळ्या. लोखंडाचं वर सांगितलंच आहे. तत्त्व म्हणून लावायचा नाही आणि रंग म्हणून सोडायचा नाही, याला इतर कुणी काहीही म्हणो, आम्ही सोवळं म्हणतो.

बागवाली आणि रंगवाली समोरासमोर येतात त्या निळीवर. बियांची साल टणक असते, म्हणून बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरायचं. तीनेक महिन्यांत कमरेएवढं झाड. पाल्यात नीळ भरपूर असते ती फुलायच्या जरा आधी. म्हणजे कळ्या दिसल्या की कापायचं, नेमकं तेव्हा, जेव्हा मधमाश्यांनी पत्ता विचारायला सुरुवात केलेली असते. कापलेला पाला दगडाखाली दाबून पाण्यात बारा-पंधरा तास. पाणी हिरवट-पिवळं होतं आणि गोठ्यासारखं वासतं. मग चुना घालून तांब्याने उपसत-ओतत अर्धा-पाऊण तास हवा खेळवायची, की निळा फेस येतो आणि नीळ तळाला बसते. किलोभर पाल्यातून जेमतेम चमचाभर. त्यामुळे माझी तडजोड अशी: चारांतली तीन झाडं कापायची आणि एक माश्यांना. बी त्याच एकाचं धरायचं. तीन झाडांच्या निळीत एक रुमाल होतो. गोधडीची नीळ मी विकत आणते, आणि तिचं पिंप 1:2:3 ने लावते: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग गूळ. गूळ पुन्हा आलाच. मामांना मी आता बघायलाच बोलावते. पिंपातून कापड पिवळं-हिरवं निघतं आणि हवेत धरलं की बघता बघता निळं होतं. त्यांनी हात जोडले. बादलीबद्दलची आशा मात्र अजून सोडलेली नाही.

राहता राहिला साग. अर्ध्या ड्रममध्ये लावलेला, बोन्सायच्या लायकीचा, पण पानं सुपाएवढी. कोवळं पान चुरडलं की बोटं लाल होतात. तुरटी लावलेल्या कापडावर तीच पानं पसरायची, पाइपवर घट्ट गुंडाळायची, सुतळीने आवळून दीड-दोन तास वाफवायची, की शिरांसकट जांभळट ठसा उमटतो. सैल गुंडाळलं तर ठसा पुसट आणि कडेला ओघळ. ऐन पावसाळ्यात नवी पालवी असते, ऑर्डर हाती असते, कापड तयार असतं. आणि त्याच वेळी शिंपी पक्ष्याची मादी हवं ते पान आधीच घेऊन बसलेली असते. तिने पानाच्या दोन कडा जवळ आणून चोचीने भोकं पाडलेली, त्यांतून कोळ्याचं जाळं आणि सुती दोरा ओवलेला. गाठ नाही, प्रत्येक टाक्याचं बाहेरचं टोक पिंजून बोंडासारखं फुगवलेलं, की ओढलं तरी मागे सरकू नये. अंडी उबायला बारा दिवस आणि पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. म्हणजे सगळा मिळून महिना, ड्रमला हात लावायचा नाही.

दोरा माझाच आहे, मंजिष्ठेचा. टँकरच्या दिवशीचा. तिच्याकडचा तुकडा एकसारखा रंगलेला दिसतो.