‘मराठीत कथा-कादंबरी लिहू नका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे चार ग्रुपवरून आला आणि शेवटी मावसभावानेही ‘ताई, हे वाच’ म्हणून पाठवला तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. मेसेजचं म्हणणं असं की नवोदितांनी मराठीत कथा-कादंबरी लिहिण्यात आयुष्य घालवू नये, आणि त्याला पाच कारणं दिलीत. वाचक उरला नाही, ओळखीशिवाय कोणी छापत नाही, नोकरी सांभाळून कादंबरी होत नाही, पैसा मिळत नाही म्हणजे लिहिणारे फक्त नावासाठी लिहितात, आणि आता एआय दोन मिनिटांत गोष्ट लिहून देतं.

मी संगमनेरला एका पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे. नऊ वर्षं कथा लिहितेय, तीन छापून आल्या, कादंबरीचा तिसरा खर्डा चालू आहे. म्हणजे मेसेज माझ्यासारख्यांनाच उद्देशून आहे.

वाचकांचं आधी बघू. आवृत्त्या लहान झाल्या हे खरंय, पूर्वी हजाराची निघायची ती आता पाचशेची निघते, काही ठिकाणी त्याहून कमी. पण त्यावरून वाचकच संपला असं म्हणणारा माणूस दिवाळीनंतर कुठल्या वाचनालयात गेलेला दिसत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आज शंभराहून जास्त वर्षं झाली तरी दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि त्यात कथा असतातच. आमच्याकडे अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भरून लोक नंबर लावतात, फेब्रुवारीपर्यंत चांगल्या अंकाची पानं सुटी झालेली असतात. आणि ऐकणारे तर हिशोबातच धरलेले नाहीत. स्टोरीटेल, प्रतिलिपी अशा अ‍ॅपवर मराठी गोष्टी ऐकणारे-वाचणारे लोक कुठल्याच पुस्तकाच्या दुकानात मोजले जात नाहीत. माझी जाऊ रात्री भांडी घासताना कादंबरी ऐकते, तिने आयुष्यात एकही पुस्तक विकत घेतलेलं नाही, मग ती वाचक नाही का?

ओळखीचा मुद्दा जास्त जिव्हारी लागतो कारण त्यात थोडं तथ्य आहे. वशिला चालतो, ठरावीक नावं ठरावीक अंकांत दिसतात, मी नाकारत नाही. मला स्वतःला एका प्रकाशकाने कादंबरी न वाचताच ‘तीस हजार भरा आणि दोनशे प्रती तुम्ही उचला’ असं सांगितलं होतं, आणि माझ्याकडे तेव्हा तीस हजार होते म्हणून मी भरणारही होते, आईने अडवलं. पण ‘ओळखीशिवाय कोणीच नाही’ हे साफ खोटं आहे. कथाकार जी. ए. कुलकर्णी पुण्या-मुंबईच्या गोतावळ्यापासून लांब धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि तिथूनच लिहिलं. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला, ते तुळजापूरचे, शिंपीकाम करणारे, आणि कादंबरीही रेडिमेड कपड्यांमुळे धंदा बसलेल्या शिंप्याचीच. त्यांना कुणाची ओळख होती? शिवाय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळा गट आहे. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं एकही नाव घेतलेलं नाही. तालुक्याच्या गावात बसलेल्या पोराला हेच तर कळायला हवं असतं.

माझ्या मते खरी अडचण यातली कुठलीच नाही, आणि ती त्या मेसेजमधे कुठेच नाही म्हणून मला त्याचा जास्त राग आला. नवीन लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त काय कमी पडत असेल तर हातात पेन्सिल घेऊन त्याचं लिखाण वाचणारा माणूस. ‘सत्यकथा’ मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथेवर काम करून घ्यायचे, लेखकाला पत्रं लिहायचे, पुन्हा लिहायला लावायचे. ‘सत्यकथा’ १९८२ ला बंद पडलं. आता कथा पाठवली की बहुतेक वेळा काहीच येत नाही, साभार परतसुद्धा नाही. मेल गेला का, फाँट उघडला का, युनिकोडचं त्यांच्याकडे श्रीलिपी या छपाईच्या फाँटमधे करताना सगळे रफार उडून ‘वर्ष’चं ‘वष’ झालं का, काही कळत नाही. आपण वाईट लिहितो की कोणी वाचलंच नाही, या दोन्हीत फरक करता येत नाही आणि माणूस तिथे खचतो. घरचे ‘छान आहे’ म्हणतात. तेही मायेनेच म्हणतात, पण त्याने गोष्ट सुधारत नाही.

असं पेन्सिल घेऊन वाचणारं माणूस मला एकदाच मिळालं. आमच्या लॅबमधे एक म्हातारी बाई दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला यायची. रिपोर्टचं पाकीट घेतलं की न उघडता पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवायची आणि म्हणायची, ‘डाक्टर बघंल.’ शेजारी बसलेल्यांनी वाचून दाखवतो म्हटलं तरी नाही. तिच्यावर मी कथा लिहिली आणि ती पाकीट का उघडत नाही हे एका परिच्छेदात नीट समजावून सांगितलं, नवऱ्याचा असाच एक रिपोर्ट, त्यानंतर काय झालं वगैरे. एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी प्रिंट काढून पोस्टाने परत पाठवली आणि त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे तुम्हाला माहीत आहे, तिला बोलायचं नाहीये. गाठ पुरे.’ मी तो कागद घेऊन सेंट्रीफ्यूजजवळ किती वेळ उभी होते मला आठवत नाही. परिच्छेद काढला, कथा पुढच्या वर्षी त्याच अंकात आली. ते संपादक मला आजपर्यंत भेटलेले नाहीत, आमची ओळख म्हणाल तर तेवढीच.

नोकरीचं तर उलटंच आहे. पीपी शुगरसाठी जेवून आल्यावर दोन तास थांबावं लागतं, ती माणसं बाकावर बसून एकमेकांना काय काय सांगतात हे मी पूर्णवेळ लेखक होऊन घरात बसले असते तर कधीच ऐकलं नसतं. दुपारी दोन ते चार सॅम्पल कमी असतात, तेव्हा जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिते, घरी आल्यावर फोनवर टाइप करते. वेग कमी आहे, हो, एका कथेला पाच महिने लागतात. लागू देत. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, मुंबईत गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले आणि १९५९ साली ‘फकिरा’ आली. फुरसतीची वाट बघितली असती तर मराठी साहित्यातलं निम्मं कपाट रिकामं राहिलं असतं.

आता पैसा. इथे मी मेसेजशी पूर्ण सहमत आहे आणि उगाच गोड बोलणार नाही. पाचशे प्रती, अडीचशे रुपये किंमत, दहा टक्के रॉयल्टी धरली तर सगळी आवृत्ती संपल्यावर हातात साडेबारा हजार येतात, तेही दोन-तीन वर्षांत आणि मिळाले तर. पुरस्कारानेही घर चालत नाही. ‘फेसाटी’ लिहिणाऱ्या नवनाथ गोरेंना २०१८ चा युवा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या लॉकडाऊनमधे कॉलेजातलं तात्पुरतं काम गेल्यावर त्यांना शेतमजुरीला जावं लागलं, पेपरात सगळ्यांनी वाचलंय. ही लाज वाटायची गोष्ट आहे, पण ती लेखकाला नाही, आपल्याला. यावर बोलायचं तर ग्रंथालयांचं अनुदान, वेळेवर रॉयल्टी, दिवाळी अंकांचं मानधन यावर बोला, कितीतरी अंक मानधन देतच नाहीत. ते सोडून ‘पैसा नाही म्हणजे नावासाठी लिहितात’ हा निष्कर्ष कुठून काढला? माझ्या लॅबमधे कोणालाच माहीत नाही मी लिहिते ते. मी लिहिते कारण त्या बाईची गाठ मी पाहिली आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. शहरातल्या घटस्फोटांच्या, परदेशी गेलेल्या मुलांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण रिकाम्या पोटी सहा वाजता एसटीने रक्त द्यायला येणारी माणसं त्यांच्यात नाहीत, आणि ती कोणीतरी लिहायला पाहिजेत.

एआयवर फार लिहीत नाही. मी करून बघितलं, ‘रिपोर्ट न उघडणारी म्हातारी’ असं सांगून गोष्ट मागितली, मिळाली, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं होतं. शेवटी म्हातारीने डोळे पुसत पाकीट उघडलं आणि सगळं नॉर्मल निघालं. मला ती बाई माहिती आहे, तिने उघडलं नसतं.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं की हा मेसेज पुढे पाठवण्याऐवजी रविवारी वाचनालयात ये. आम्ही सहा जण महिन्यातून एकदा जमतो, एक एसटीत कंडक्टर आहे, एक डीएड झालेली आणि नोकरी न लागलेली मुलगी आहे, एक निवृत्त तलाठी. एकाची गोष्ट बाकी पाच जण घरून वाचून येतात, पेन्सिलीने खुणा करून, आणि ‘छान आहे’ म्हणायला बंदी आहे. या वेळी तलाठीकाकांची आहे, सात-बाऱ्यावरून भावाभावांत फाटलेली, बावीस पानं. मी दोनदा वाचली, नवव्या पानावर मोठा भाऊ अचानक चांगला का वागतो ते मला पटत नाहीये, तिथे खूण करून ठेवलीय.