गेमला शिव्या घालून घरातली बंदूक जात नाही

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की कोणीतरी नेता टीव्हीवर येऊन व्हिडिओ गेम्सना शिव्या घालणार हे ठरलेलंच. 1999 ला तिथल्या कोलंबाइन शाळेत दोन पोरांनी 12 विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं तेव्हापासून हेच चालूय, तेव्हा सगळं खापर ते दोघं खेळायचे त्या 'डूम' या गोळीबाराच्या गेमवर फोडलं. अहो पण जपान-कोरियातली पोरं पण रात्र रात्र गेम खेळतात ना, तिथे का नाही शाळेशाळेत असले प्रकार होत?

पडद्यावरच्या मारामारीचा काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. मुलं चिडकी होतात, आरडाओरडा, ढकलाढकली करतात, एवढं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही तिथली मानसशास्त्रज्ञांची संघटना पण मानते, पण खऱ्या हिंसाचाराला गेम्स जबाबदार धरायला पुरेसा पुरावा नाही हेही त्यांनीच 2020 ला स्पष्ट सांगितलंय. चिडलेला पोरगा दार आपटेल, भांडेल, रडेल. हाताशी बंदूक असेल तर मग संपलंच सगळं.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं 2021 चं प्रकरण वाचा एकदा. 15 वर्षांचा मुलगा, बापाने चारच दिवस आधी पिस्तूल आणलेलं. त्या सकाळी टीचरला त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र दिसलं आणि सोबत लिहिलेलं, मला मदत करा. आईबापाला बोलावून घेतलं, त्यांनी तो कागद बघितला आणि पोराला घरी न नेताच निघून गेले, शाळेनेही त्याला वर्गात परत जाऊ दिलं, त्याचं दप्तर कोणी उघडून बघितलं नाही आणि पिस्तूल त्यातच होतं!! दुपारी गोळीबार, चार विद्यार्थी गेले. 2024 मध्ये आईबाप दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली आणि मला तरी ती अगदी योग्य वाटते. शाळेत गोळीबार करणाऱ्या बहुतेक मुलांना बंदूक घरातूनच किंवा नातेवाइकांकडूनच मिळते, हे तिथल्या सीक्रेट सर्व्हिसच्या (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी सरकारी यंत्रणा) अभ्यासात आलंय.

मीडियाचा खरा गुन्हा मला गेममध्ये दिसत नाही, बातम्यांमध्ये दिसतो. मारेकऱ्याचा फोटो, नाव, त्याने काय लिहिलं, कुठले कपडे घातले, आठवडाभर तेच दळण. कोलंबाइनच्या त्या दोघांना आदर्श मानून नंतर किती पोरांनी तसंच करायचा प्रयत्न केला, कारण आपलंही नाव जगभर होईल हे त्यांना टीव्हीनेच शिकवलं. 2019 ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये 51 माणसं मारणाऱ्याने तर ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. तेव्हा तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की मी त्याचं नाव कधीच घेणार नाही, आणि महिन्याच्या आत बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आणली, 119 विरुद्ध 1 मताने.

अमेरिकेत 2012 ला सँडी हूक शाळेत 20 चिमुकली मेली, सहा मोठी माणसं मेली. पुढच्या एप्रिलमध्ये बंदूक विकताना नीट चौकशी करा एवढीच साधी मागणी सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात आली, 54 जण बाजूने होते, पण पुढे जायला साधं बहुमत पुरत नव्हतं, 60 लागत होते म्हणून ती तिथेच पडली.